फोटोत वजन येत नाही

डिसेंबर, सकाळचे पावणेसात, कळमना बाजार.
देवाजी नंदेश्वरांचे एकतीस फोटो काढले मी:
संत्र्याची पेटी डोक्यावर, पेटी खांद्यावर,
पेटी खाली ठेवून कपाळ पुसताना,
आणि एक, त्यांनीच मागितलेला,
पेटीशिवाय, गळ्याची गुंडी लावून.
"थांबा जी मॅडम," म्हणायचे दर वेळी.
श्वास धरायचे, मान ताठ, पोट आत,
जणू मी आधार कार्डवाली.
पंचवीस किलो त्यांच्या खांद्यावर
चिमणी बसावी तसे.

घरी, नंदनवनच्या दुसऱ्या मजल्यावर,
चौकटी आखून एक फोटो जसाच्या तसा उतरवला.
शर्टाची चुणी न् चुणी. मागच्या भिंतीवरची
बियाण्यांची जाहिरातसुद्धा, अर्धी फाटलेली.
काही चुकलं नव्हतं.
फक्त पेटीत थर्माकोल होता.

आणखी दोन कागद वाया गेले.
तिसऱ्या दिवशी वीस लिटरचा पाण्याचा कॅन
मीच खालून वर आणला,
रोजच्या पोराला "राहू दे आज" म्हणून.
पहिल्या वळणावर कंबर एका बाजूला पळाली.
दुसऱ्या वळणावर कळलं,
पायऱ्या मी डोळ्यांनी शोधतच नव्हते,
तळवे शोधत होते.
कॅन दारातच सोडला
आणि दम खायच्या आधी पेन्सिल घेतली.

मग फोटोकडे पाठ.
पाय मोठे केले, फार मोठे, फरशीला चिकटलेले.
बोटं झाडाच्या मुळांसारखी यायला लागली,
तो मोह खोडला;
भिजल्या कणकेसारखी केली, दाबलेली, पसरलेली.
भिंत पुसली. जाहिरात गेली.
तिथं निळा, पहाटे चहाच्या टपरीमागं असतो तसा,
धूर मिसळलेला.
फोटोत सगळी संत्री नारिंगी होती.
मी चारच ठेवली, बाकीची
जांभळ्या सावलीत ढकलली,
म्हणजे ती चार बोंबलतील.
मान आखूड. चेहरा जवळजवळ नाहीच,
भुवईची एक रेघ, तीही ओल्या ब्रशची.
आणि डावा खांदा
उजव्यापेक्षा खाली उतरला.
का, ते ठाऊक नव्हतं.
हातानं केलं, मी अडवलं नाही.

पुण्याहून संपादकांचा फोन:
"पाय जरा जास्तच झालेत का? मुलं हसतील."
हसू देत, म्हटलं.
फोन ठेवून थोडे लहान केले.
रात्री उठून परत मोठे केले.

रविवारी चित्र बाजारात नेलं.
देवाजींनी हात पँटला पुसले, तरी कागदाला लावले नाहीत.
लांबूनच पाहत राहिले.
मागं लिलाव सातशेवर अडला होता.

"डावा खांदा," ते म्हणाले.
"अठ्ठ्याण्णव साली पेट्यायच्या थप्पीखाली आलो होतो,
तवापासून उतरला तो.
पण फोटूत तं मी बराबर करून उभा होतो ना जी.
तुमाले कसा दिसला?"

मला उत्तर येईना.
पाण्याच्या कॅनचं सांगितलं.
ते हसले. "वीसच लिटर?"

पुस्तक छापून झालं की मूळ चित्र तुमचं, म्हटलं.
त्यांनी मान हलवली.
"नाही जी. हे खरं आहे,
पोरीले पुस्तकात दाखवीन.
पण घरी लावाले तो फोटू द्या,
गुंडीवाला.
त्याच्यात मी सरळ उभा आहो."

बर्डीवर प्रिंट काढली, आठ बाय दहा, चकचकीत कागद.
स्टुडिओवाल्यानं स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं,
"मागची भिंत काढून टाकू का, मॅडम?
मस्त निळं करून देतो."

नको, म्हटलं.
भिंत असू दे.
जाहिरातीसकट.